इरपाड्याला विचारायला गेलो

दगड आडवा पडला होता. त्याच्याभोवती गावातल्या बाया बसल्या होत्या.

मी जीप खाली नाल्यापाशी सोडून चालत वर आले होते. मोहाची फुलं पडायचे दिवस होते, सगळ्या रानात तो गोडसर, जड वास भरला होता. पण टोपल्या रिकाम्या होत्या. त्या दिवशी मोह वेचायला कोणी गेलंच नव्हतं. थोड्या अंतरावर ठेकेदाराचा बुलडोझर उभा होता, दार सताड उघडं. ड्रायव्हर पळून गेला होता.

"जोहार," मी म्हणाले.

कोणी जोहार केला नाही. जुरी मट्टामीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दगडाकडे पाहू लागली. जुरी इरपाड्याची पंचायत सदस्य. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे गावात मराठी नीट बोलणारी बाई तीच. माझी तिच्याशी थोडी ओळख होती. तिच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतं. कलेक्टर असो की शेजारीण, सगळ्यांना 'तू'.

"जुरी, काय झालं?"

"तुला दिसत नाही?"

"दिसतंय. रस्ता काढताना चुकून धक्का लागला असेल. मी आजच कंपनीला सांगते. जी काही भरपाई असेल ती..."

"बाई," ती म्हणाली, "माझी आई पडली आहे. तू आल्या आल्या भरपाईचं बोलतेस. तुझ्या घरी कोणी पडलं तर आलेला माणूस आधी काय विचारतो?"

मी तिच्याशेजारी खाली बसले. थोड्या वेळाने विचारलं, "कशी पडली?"

मग तिने सांगितलं. सकाळी बाया मोहाला निघाल्या तेव्हा मशीन वर येत होतं. बायांनी हात केले, ओरडल्या. ड्रायव्हरने मशीन मागे घेतलं, आणि मागे घेतानाच ते दगडाला लागलं. दगड एकदम पडला नाही. आधी कलला, मग हळूहळू आडवा झाला. हे सांगताना तिने स्वतःचा हात उभा धरला आणि तो सावकाश मांडीवर टेकवला.

माडिया लोक गेलेल्या माणसाच्या नावाने उभा दगड रोवतात. इरपाड्याचे असे सगळे दगड ताडमेट्टाच्या पायथ्याशी होते. काही माणसापेक्षा उंच, काही गुडघ्याएवढे, काही इतके जुने की कोणाचे ते सांगणारंही कोणी उरलं नव्हतं. ताडमेट्टा म्हणजे मागचा डोंगर. त्यात लोखंड होतं. ते किती आहे आणि कसं आहे हे पाहायला वर भोकं पाडायची होती, आणि भोकं पाडायचं मशीन वर न्यायला रस्ता हवा होता. रस्त्याची आखणी नकाशावर झाली होती. नकाशात ती जागा 'पडीक, खडकाळ' अशी दाखवली होती.

माझं पद 'समुदाय संपर्क अधिकारी' असं होतं. म्हणजे कंपनीचं काम एखाद्या गावाच्या अंगावर आलं की पहिलं माणूस मी. माझे वडील बल्लारपूरच्या बाजूला कोळशाच्या खाणीत होते. मी खाणीच्या पगारावर वाढले होते, आणि पुढे कोळशाची एक आणि चुनखडीची एक, अशा दोन खाणींच्या गावांत हेच काम केलं होतं. बालवाडी रंगवून देणे, शिलाई मशीन वाटणे, आरोग्य शिबिराला डॉक्टर आणणे. लोक हार घालायचे. हार घालणाऱ्यांपैकी निम्मे पुढे ऑफिसच्या गेटवर भांडायला यायचे. इरपाड्याला येईपर्यंत मी थकले होते. रात्री झोप होत होती, तरी सकाळी उठल्यावर थकवा तसाच असायचा, अशातलं ते थकणं होतं.

दुपारी गायता आला. गायता म्हणजे गावचा पुजारी, आणि गावाच्या जमिनीबद्दल ज्याचा शब्द शेवटचा तो माणूस. पेका महाका त्याचं नाव. बारीक, काळा, कमरेला पंचा आणि खांद्यावर कुऱ्हाड. त्याने दगडाला हात लावला, बायांशी दोन शब्द बोलला, मग माझ्याकडे पाहून जुरीला काही सांगितलं.

"तो म्हणतो, ज्यानं पाडलं त्यानं यावं," जुरी म्हणाली.

"ड्रायव्हर तर पळाला. झारखंडचा होता, आता कुठे शोधू?"

जुरीने ते सांगितलं. गायता हसल्यासारखा झाला.

"ड्रायव्हर नाही म्हणतो. ज्यानं मशीन पाठवलं तो."

* * *

मशीन पाठवणारे म्हणजे परब साहेब. रघुवीर परब, प्रकल्पप्रमुख. तळकोकणातले. आयुष्यभर खाणींत काढलेलं, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेली. साखर होती, गुडघे गेले होते. कमी बोलत. हाताखालची माणसं त्यांना टरकून असायची, मीसुद्धा. मीटिंगमध्ये कोणी गोल गोल बोलायला लागलं की ते चष्मा काढून पुसत बसायचे, आणि बोलणारा आपोआप मुद्द्यावर यायचा.

मी तालुक्याच्या ऑफिसात पोचले तेव्हा ते नागपूरच्या मुख्य ऑफिसशी फोनवर होते. फोनवरचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. बंदोबस्त मागवू, दोन दिवसांत काम सुरू झालं पाहिजे, नाहीतर काहीतरी वाटून टाका, बायांना साड्या द्या. परब "हो", "बरं", "बघतो" म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतात?"

"तुम्हाला बोलावलंय."

"घेरायला?"

"नाही सर. मरणाला बोलावतात ना, तसं."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं मी गोल बोलले. पण त्यांनी तो पुसला नाही, नुसता हातात धरून बसले.

"कोणाचा दगड?"

"जुरी मट्टामी आहे ना, तिच्या आईचा."

"उद्या सकाळी जाऊ. गार्ड नको."

तेवढ्यात नागपूरहून पुन्हा फोन आला. साहेब स्वतः जाणार असतील तर फोटोग्राफर बरोबर न्या, कंपनीच्या वार्षिक अहवालात चांगलं दिसेल.

"मरणाला कोणी फोटोवाला नेतं का?" परब म्हणाले आणि फोन ठेवला.

* * *

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी पोचलो. गायता नव्हता. जुरी म्हणाली, "बसा. येईल." आम्हाला दगडांच्या बाहेरच्या बाजूला एका ऐनाच्या झाडाखाली बसवलं. खाट नाही, खुर्ची नाही. परबांनी गुडघा धरून, झाडाला टेकत स्वतःला खाली सोडलं.

गायता येईना. ऊन चढलं. गावातली माणसं येऊन आमच्याकडे बघून जात होती. मी दोनदा जुरीला विचारलं, कधी येईल. तिने दोन्हीदा "येईल" म्हटलं. मला वाटत होतं, साहेब आता उठतील. आता चिडतील. मी मनातल्या मनात दोन्हीकडची समजूत घालायची वाक्यं जुळवत होते. बाजूला बघितलं तर परब झोपले होते. झाडाला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

त्यांना हलवून उठवावं म्हणून मी हात पुढे केला, तेवढ्यात गायता आला. त्याने मला हातानेच थांबवलं. झोपलेल्या परबांकडे पाहिलं, कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि समोर उकिडवा बसला. त्याच्याबरोबरची माणसंही बसली. कोणी मोठ्याने बोलेना. एक कोंबडा मध्ये आला, त्यालाही एका पोरीने हळूच हुसकलं. ज्याने त्यांना इतका वेळ ताटकळत ठेवलं होतं तोच आता ते जागे व्हायची वाट बघत होता.

परब दचकून जागे झाले. समोर सगळं गाव बसलेलं. त्यांनी चष्मा सारखा केला, हात जोडले. "माफ करा. डोळा लागला."

जुरीने सांगितलं. गायता म्हणाला, आणि जुरी हसत हसत आमच्यासाठी मराठीत बोलली, "थकलेला माणूस झोपतोच म्हणतो. खोटारड्याला परक्या गावात झोप येत नाही म्हणतो."

मग परबांनी तेच विचारलं जे विचारायला मला आदल्या दिवशी जुरीने सुचवावं लागलं होतं. "कशी पडली आई?" जुरीने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, तसाच हात करून. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मशीन माझ्या सहीने आलं. जागा बघायला मी आलो नाही. यायला पाहिजे होतं. आता तुमच्यात जे करतात ते सांगा, मी करतो."

जे करतात ते फार नव्हतं. नवे तांदूळ, कोंबडी, मोहाची दारू, आणि ज्यांनी पाडलं त्यांच्या हातांनी दगड पुन्हा उभा करायचा. मशीनने नाही.

या वेळी रैनू मध्ये बोलला. रैनू जुरीचा धाकटा भाऊ, पंचविशीचा. दहावी पास, ट्रॅक्टर चालवायचा, अंगात जीन्स. भोकं पाडायचं ठरल्यापासून आमच्या ऑफिसात रोज चक्कर मारायचा, नोकरी कधी निघते विचारायला. तो सरळ मराठीत परबांना म्हणाला, "सर, हे काय ते लवकर उरका आणि काम चालू करा. आम्ही पोरं थांबलोय."

जुरी त्याच्यावर माडियात काहीतरी कडाडली. तो गप्प झाला, पण मान खाली घातली नाही.

दगड उभा करायला दुपार गेली. खड्डा मोकळा केला, बांबूच्या तरफा लावल्या, दोर बांधले. परब दोराला लागले. मी म्हणाले, "सर, गुडघा." ते म्हणाले, "दोर हाताने ओढतात, रामटेकेबाई." शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, श्वास लागत होता. त्यांच्या पुढे रैनू होता आणि मागे गायता. दगड हलला, सरकला, उभा झाला. जुरीने त्याच्या बुडाशी तांदूळ टाकले आणि आईशी बराच वेळ बोलली. काय बोलली ते तिने आम्हाला सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

* * *

मग जेवण. पानाच्या द्रोणात दारू, पानावर भात आणि कोंबडी. परबांनी साखरेचं कारण सांगून दारूला नुसतं बोट लावून कपाळाला लावलं. गायत्याला ते पटलं. जेवता जेवता तो म्हणाला, आणि जुरीने मराठीत सांगितलं, "ते झालं. आता सांग, डोंगर कशाला पाहिजे?"

मला आठवतं, मी घास हातात धरून थांबले होते. इतक्या वर्षांत असा सरळ प्रश्न गावात कोणी विचारला नव्हता. आणि विचारला तर काय उत्तर द्यायचं हे आम्हाला शिकवलेलं होतं. विकास, शाळा, दवाखाना, रोजगार. परबांनी हात धुतला.

"डोंगरात लोखंड आहे. चांगलं आहे. ते काढून विकायचं."

"कसं काढणार?"

"वरून. आधी झाडं तोडायची. मग माती काढायची. मग सुरुंग लावून दगड फोडायचा, ट्रकात भरायचा. वरून खाली येत जायचं."

"मग डोंगर?"

"डोंगर राहत नाही. खड्डा राहतो."

जुरी थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. "असंच सांगू?"

"असंच सांगा."

तिने सांगितलं. माणसांमध्ये कुजबुज झाली. मग एकेक जण विचारू लागला. नाल्याचं काय? पावसात माती खाली येते, परब म्हणाले. आम्ही बांध घालतो, तळी करतो, तरी थोडी येतेच. पाणी लाल होतं. किती वर्षं? खाण चालू असेपर्यंत, आणि नंतरही काही वर्षं. "आमच्या गावाला मी बघितलंय," ते म्हणाले. "आमच्या घराखाली भाताची शेतं होती. तिथे लाल गाळ बसला. आता तिथे गवतसुद्धा नीट येत नाही."

"तुझ्या गावाला?" जुरीने स्वतःच विचारलं. गायत्याने विचारलेलं नव्हतं.

"हो. माझ्या गावाला."

मग रैनू उभा राहिला. "नोकऱ्या सांगा ना सर. नोकऱ्या किती?"

परबांनी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला.

"थोड्या. आता कामं मशीन करतात. मशीन चालवायला शिकलेली माणसं बाहेरून येतात. गावच्या पोरांना गेटवर, साफसफाईला, रस्त्यावर पाणी मारायला. तुझ्यासारख्याला ट्रकवर लावता येईल. पण सगळ्यांना नाही. निम्म्यांनासुद्धा नाही."

"तुमचा माणूस म्हणाला होता, घरटी एक."

"तो खोटं बोलला," परब म्हणाले.

रैनू बसला नाही. तसाच चालत निघून गेला. त्याच्यामागून आणखी काही पोरं गेली.

मी हे सगळं ऐकत होते आणि मला परबांचा राग येत होता. वाटत होतं, हा माणूस आता दोन वर्षांनी घरी जाईल. मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. आणि त्याच वेळी दुसरंही काहीतरी वाटत होतं, पण तेव्हा मला त्याचं नाव सापडलं नाही.

उठताना गायता म्हणाला, "आम्ही बसतो. मग बोलावू." परब म्हणाले, "तोवर वर मशीन जाणार नाही."

* * *

तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर बोलावणं आलं. मधल्या काळात नागपूरने परबांना दोनदा बोलावून घेतलं. काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण मशीन वर गेलं नाही.

ग्रामसभा सकाळी बसली. आम्हाला लांब, त्याच ऐनाखाली बसवलं. या वेळी दोन खाटा होत्या आणि एक पोरगी सारखं पाणी आणून देत होती. सभेतलं बोलणं माडियात, आम्हाला कळत नव्हतं, आवाज मात्र येत होते. रैनूचा आवाज सगळ्यांत वर. एकदा तो ओरडत होता आणि जुरी त्याच्यावर ओरडत होती, आणि मग दोघंही एकदम थांबली. मग कोणीतरी म्हातारी खूप वेळ, अगदी हळू बोलली.

"तुम्हाला काय वाटतं सर?" मी विचारलं.

"मला?" ते म्हणाले. "मला वाटतं, आपण विचारलंय. आता वाटून काय उपयोग?"

ऊन उतरलं तेव्हा गायता आला. बरोबर जुरी आणि काही माणसं. त्याने परबांच्या समोर बसून सावकाश सांगितलं. जुरीने त्याच्यासारख्याच सावकाशीने मराठी केलं.

"तू आलास. बसलास. आईला उभं केलंस. विचारलं तसं सांगितलंस. म्हणून आम्ही नीट बसून बोललो. तू तसा नसता आलास तर आम्ही बोललोच नसतो, भांडलो असतो." ती थांबली. "डोंगर आम्ही देत नाही."

परबांनी मान हलवली. "सगळ्यांचं हेच?"

जुरीने विचारून सांगितलं, "सगळ्यांचं नाही. माझा भाऊ, बाकी पोरं, नाराज आहेत. ती आमची आहेत. आम्ही बघू म्हणतो."

"बरं," परब म्हणाले.

"आता जेवून जा."

आणि आम्ही जेवलो. मी आजवर बऱ्याच जेवणांना बसले आहे. भूमिपूजनाच्या, हस्तांतरणाच्या, उद्घाटनाच्या. त्या दिवसाएवढ्या आग्रहाने मला कोणी वाढलं नाही. रैनू जेवायला आला नाही. निघताना बायांनी माझ्या पिशवीत मोहाची फुलं आणि चारोळी घातली. गायता आम्हाला नाल्यापर्यंत सोडायला आला. परबांचा हात धरून त्याने नाला ओलांडून दिला आणि काही बोलला.

"परत ये म्हणतो," जुरी म्हणाली. "डोंगर मागायला नको. असाच ये."

जीप रानाबाहेर पडली. मग परब म्हणाले, "आमच्याकडे खाण आली तेव्हा कोणी विचारलं नव्हतं असं नाही हं. विचारलं होतं. साहेब घरी आला, माझ्या बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, चहा प्याला. म्हणाला, तुमचा मुलगा हुशार आहे, त्याला आम्ही शिकवू. बाबांनी अंगठा दिला. त्या साहेबाने शब्द पाळला. मी इंजिनियर झालो." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "गाळाचं तो बोलला नाही. बाबांनी विचारलं नाही, त्यांना काय विचारायचं तेच माहीत नव्हतं. तो माणूस वाईट नव्हता, रामटेकेबाई. फार आदराने वागायचा."

* * *

परबांनी वर कळवलं की गावाचा होकार नाही, काम सुरू करू नये. त्यांची नागपूरला बदली झाली. उरलेली नोकरी त्यांनी तिथे जिन्याखालच्या एका खोलीत सुरक्षा-पुस्तिका तपासण्यात काढली.

त्यांच्या जागी आलेले साहेब तरुण, हसतमुख होते. त्यांना माडियातली चार वाक्यं पाठ होती. ते गावात जाताना चपला काढत, गायत्याच्या पाया पडत, मुलांना फुटबॉल देत. गाव त्यांच्याशी नीट वागलं, त्यांनाही जेवू घातलं. डोंगराचं काढलं की "सांगितलं ना" एवढंच म्हणे. दोन वर्षं असं चाललं. मग लोखंडाचा भाव पडला आणि कंपनीने ताडमेट्टा सोडून दिला. बातमीत कारण भाव असंच आलं, आणि खरं कारणही तेच होतं. भाव चढता असता तर काय झालं असतं ते मला सांगता येत नाही.

त्यानंतर एकदा नागपूरच्या एका हॉटेलात आमचं प्रशिक्षण होतं. आदिवासी समाजाशी आदराचं नातं कसं जोडावं, असा विषय. पडद्यावर इरपाड्याचं नाव आलं, दगड उभा केल्याची हकिगत आली, आणि त्या वेळी हजर असलेली अधिकारी म्हणून मला बोलायला उठवलं. मी जसं घडलं तसं सांगितलं. संपल्यावर एकाने विचारलं, "मग त्यांचा होकार कधी आला?"

"आला नाही."

"नाही, म्हणजे नंतर?"

"नंतरही नाही."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं होतं, ते खोडलं. चहाची सुट्टी झाली. महिन्याभरात मी राजीनामा दिला. त्या दिवसामुळेच दिला असं नाही. पुष्कळ दिवसांचं साचलं होतं.

रैनू मला बऱ्याच वर्षांनी भेटला, आलापल्लीच्या बसस्टँडवर. मी त्याला ओळखलं नाही, त्यानेच हाक मारली. "बाई!" गालफडं बसली होती, केस विरळ झाले होते. तेलंगणात बोअरच्या गाडीवर कामाला होता. त्याआधी मिरची तोडायला जायचा. वर्षातले थोडेच दिवस गावात असतो म्हणाला. बायको-मुलं गावातच. आम्ही चहा घेतला.

"गायता?"

"गेला. जुरी आहे. नाल्याला पाणी आहे. मोह यंदा चांगला आला." मग म्हणाला, "साहेब कसा आहे?"

"कोकणात असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं."

तो हसला. कप खाली ठेवून बोटांनी फिरवत राहिला. "तुला माहीत आहे ना, मी हो म्हणालो होतो."

"माहीत आहे. झाडाखालपर्यंत ऐकू येत होतं."

"त्यानं खोटं सांगायला पाहिजे होतं, बाई." त्याच्या आवाजात चीड नव्हती, हिशेब सांगावा तसा तो बोलत होता. "घरटी एक नोकरी, असं म्हणायचं. गावानं दिला असता डोंगर. मला ट्रक मिळाला असता. थोडी वर्षं मजेत गेली असती. मग पाणी लाल झालं असतं, नोकरी गेली असती, आणि मी दगड घेऊन तुझ्या हापिसावर आलो असतो. तुझी काच फोडली असती, साहेबाला शिव्या दिल्या असत्या. माझा राग तरी निघाला असता."

"आणि आता?"

"आता काय? त्यानं खरं सांगितलं. गावानं खरं ऐकून ठरवलं. कोणी कोणाला फसवलं नाही. डोंगर आहे तिथे आहे, बहीण बरोबर होती, सगळं बरोबर आहे. आणि मी रात्रंदिवस त्या गाडीवर, परक्या मुलखात, दुसऱ्याच्या जमिनीला भोकं पाडतोय." तो माझ्याकडे बघत राहिला. "आता मी कोणाची काच फोडू?"

सिरोंच्याची बस लागली. त्याने पिशवी खांद्यावर टाकली आणि खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून गर्दीत पुढे घुसला.